घोडा २०१२ चा, टोपी २०२२ ची: साय, शुगा आणि कोरियन नाचगाण्यातले ‘कंट्री’

उन्हाळी_झड (धागाकर्ती)

कोरियन पॉपवरच्या जुन्या धाग्यात ‘दॅट दॅट’ या गाण्याचा ओझरता उल्लेख झाला आणि पुढची चर्चा भलतीकडे गेली, म्हणून हा वेगळा धागा काढते आहे.

दक्षिण कोरियाचा गायक साय याचा नववा अल्बम २९ एप्रिल २०२२ रोजी आला आणि ‘दॅट दॅट’ हे त्यातले मुख्य गाणे. बीटीएस या कोरियन मुलांच्या गटातल्या शुगाने त्याची निर्मिती केली, त्यात आपला आवाज दिला आणि चित्रफितीत तो सायच्या खांद्याला खांदा लावून नाचलाही. सायचा जन्म ३१ डिसेंबर १९७७ चा आणि शुगाचा ९ मार्च १९९३ चा. साय २००१ च्या जानेवारीत पहिल्यांदा श्रोत्यांसमोर आला, तेव्हा शुगा देगू शहरात सात वर्षांचा पोरगा होता. हे अंतर आपल्याकडे काका-पुतण्याचे म्हणता येईल, पण कोरियन संगीतात पिढ्या इतक्या झपाट्याने बदलतात की तिथे ते जवळजवळ आजोबा-नातवाचे ठरते.

चित्रफीत रखरखीत वाळवंटात घडते. लाकडी घरांचे गाव, धूळ, रुंद काठाच्या टोप्या, चामडी पट्टे आणि मोठाले बक्कल, असा अमेरिकी पश्चिमेचा सगळा सरंजाम तिथे हजर आहे. मध्येच ‘गंगनम स्टाइल’ या आपल्या जुन्या गाजलेल्या गाण्याच्या दिवसांतला, निळ्या कोटातला साय अवतरतो आणि शुगा त्याचा निकाल लावतो. मला हा प्रसंग सगळ्या गाण्याची किल्ली वाटतो, कारण जुन्या यशाचे ओझे उतरवण्याचे काम सायने स्वतःकडे न ठेवता आपल्याहून पंधरा वर्षांनी लहान असलेल्या मुलावर सोपवले आहे.

आता मुद्दा. बहुतेकांनी काउबॉयच्या या वेषाला ‘संकल्पना’ म्हणून सोडून दिले, कारण कोरियन पॉपमध्ये दर गाण्याला कुठलातरी वेष लागतोच. मला ते पुरेसे वाटत नाही. २०१२ च्या ‘गंगनम स्टाइल’ची नाचाची मुख्य चाल आठवा. मनगटावर मनगट ठेवून लगाम धरायचा, गुडघ्यांत उसळी घेत अदृश्य घोड्यावर बसायचे आणि मग एक हात डोक्यावर नेऊन दोराचा फास फिरवायचा. तो फास गुरे पकडणाऱ्या अमेरिकी गुराख्याचा आहे. म्हणजे हा माणूस २०१२ पासूनच घोड्यावर होता, मात्र अंगात भारी कोट होता आणि टोपी नव्हती. दहा वर्षांनी शुगाने त्याला टोपी आणून दिली.

तेव्हा प्रश्न असा, की कोरियन नाचाच्या संगीतात कंट्री, म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातले गाणे-बजावणे, येते तेव्हा ते नेमके कुठे येते? सुरावटीत, ठेक्यात, की केवळ अंगात? आणि दोन पिढ्यांच्या कलाकारांना एकत्र यायचे असले की ते नेमके याच गावात का भेटतात? कृपया ‘मला कोरियन पॉप आवडत नाही’ एवढेच लिहिण्यासाठी प्रतिसाद देऊ नये. ती नोंद मागच्या धाग्यात पुरेशा वेळा झाली आहे.

ढोलकीवाला

धागा आवडला, पण एका शब्दाला हरकत घेतो. या गाण्यात कंट्री औषधालाही नाही.

मी गाणे तीनदा ऐकले, एकदा केवळ ठेक्यासाठी. कंट्रीचा सर्वांत ओळखीचा ठेका म्हणजे बास एकदा षड्जावर, एकदा पंचमावर पडणार आणि मधल्या मोकळ्या जागेत गिटार खडखडणार. दुसरा म्हणजे आगगाडीचा ठेका, ज्यात स्नेअर ड्रमवर ब्रश किंवा काठ्या अखंड चालत राहतात आणि रुळांच्या सांध्यांवर चाके आपटावीत तसा आघात ठरावीक जागी पडतो. त्यावर फिडल, बँजो आणि ती रडवेली पेडल स्टील गिटार. ‘दॅट दॅट’मध्ये यांतले काही नाही. तिथे खाली क्लबमध्ये चालणारा, लॅटिन वळणाचा नाचाचा ठेका आहे आणि वर वाजणाऱ्या तुकड्यांतून जे वाळवंट उभे राहते ते टेनेसीचे नसून सिनेमातले आहे.

हा फरक महत्त्वाचा आहे. कंट्री हे नॅशव्हिलचे संगीत. ‘वेस्टर्न’ म्हणून आपल्या कानांत जे बसले आहे ते मात्र मुख्यतः एन्नियो मोरिकोने या रोमच्या संगीतकाराने, इटालियन दिग्दर्शकासाठी, स्पेनमध्ये चित्रित झालेल्या चित्रपटांना दिलेले संगीत. शीळ, ट्रम्पेट, एकच तार छेडून सोडून दिलेली गिटार, लांबून येणारी घंटा. प्रत्यक्ष गुराख्यांनी असले काही वाजवले नव्हते. त्यामुळे कोरियाने जे घेतले ती अमेरिकेची इटालियन नक्कल आहे, असे माझे म्हणणे.

याला पुरावा हवा असेल तर ले सेराफिम या मुलींच्या गटाचे मे २०२३ मधले ‘अनफरगिव्हन’ ऐका. त्यात मोरिकोनेच्या १९६६ च्या चित्रपटातली ती जगप्रसिद्ध धून सरळ उचलून वापरली आहे, अर्थात श्रेय देऊन. गिटारला नाईल रॉजर्स आहेत, जन्म १९५२, म्हणजे डिस्कोच्या ऐन बहरातला माणूस. पिढ्यांचे अंतर पाहायचे तर ‘दॅट दॅट’पेक्षा इथे कितीतरी मोठे आहे. आणि तरीही तेही कंट्री नव्हे.

घोड्याच्या टापांबद्दल म्हणाल, तर ओ. पी. नय्यर यांचा टांग्याचा ठेका आपण सगळे ऐकत वाढलो. त्याला कुणी कंट्री म्हटले नाही.

सुवॉनकर

गेली सहा वर्षे सोलच्या दक्षिणेला सुवॉन शहरात नोकरीनिमित्त राहतो. ढोलकीवाल्यांच्या कानावर माझा विश्वास आहे, पण ते गाणे बसून ऐकत आहेत आणि मी ते उभ्याने ऐकले, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

पहिली गोष्ट तारखेची. कोरियातले साथीच्या काळातले अंतराचे बहुतेक निर्बंध १८ एप्रिल २०२२ रोजी उठले. दोन वर्षे रात्री दुकाने लवकर बंद, किती जणांनी एका टेबलाशी बसायचे याला आकडा, मैफलीत ओरडायला मनाई, असे आम्ही काढले होते. त्यानंतर अकराव्या दिवशी हे गाणे आले. ‘खूप दिवसांनी भेटतोय ना’ अशा थाटाची सुरुवात आणि आता नाचायची वेळ झाली हा त्याचा सांगावा. त्या आठवड्यात आमच्या कार्यालयाच्या खालच्या गल्लीत, कोंबडी-बिअरच्या दुकानात, मोबाइलच्या दुकानात, व्यायामशाळेत एकच गाणे वाजत होते. वाळवंट बघून मला अमेरिका आठवली नाही. ओस पडलेले गाव पुन्हा भरते आहे, एवढेच त्या दिवसांत दिसत होते.

दुसरी गोष्ट नाचाची. अमेरिकी कंट्रीचा जो भाग कोरियात खरोखर घरोघरी पोहोचला आहे तो गाण्याचा नसून ‘लाइन डान्स’चा आहे. आमच्या भागातल्या सामाजिक केंद्रात त्याचा वर्ग भरतो आणि तिथे बहुतांश साठीच्या पुढच्या बायका असतात. जोडीदार लागत नाही, कुणी कुणाचा हात धरत नाही, सगळे एका दिशेला तोंड करून रांगांत उभे राहतात आणि बत्तीस मात्रांचा एक क्रम संपला की पाव वळण घेऊन पुढच्या भिंतीकडे तोंड करतात. चार भिंती झाल्या की पुन्हा मूळ जागी. मी पावसाच्या दिवशी छत्री विसरलो म्हणून त्या केंद्राच्या दारात अर्धा तास उभा होतो, तेव्हा हे नीट पाहिले. गाणे ट्रॉट, म्हणजे कोरियातल्या जुन्या वळणाच्या लोकप्रिय गाण्यांपैकी, होते, पायांतली चाल टेक्सासची होती, आणि कुणालाही त्यात काही विजोड वाटत नव्हते.

उन्हाळी_झड यांचा प्रश्न ‘कंट्री नेमके कुठे येते’ असा आहे. माझे उत्तर: पायांत. कोरियन पॉपमध्ये प्रत्येक गाण्याला लोकांनी उचलावी अशी एक ठळक चाल बसवलेली असते, तिला इथे ‘पॉइंट’ म्हणतात. जोडीदाराशिवाय, रांगेत, एका दिशेला तोंड करून, चार वेळा बघून शिकता येईल अशी. हे वर्णन लाइन डान्सचेच झाले.

जुनी_तबकडी

चर्चा २०१२ च्या मागे जातच नाही हे पाहून लिहायला बसलो. कोरियाला काउबॉयची टोपी शुगाने दिली नाही. ती सत्तर वर्षे तिथे खुंटीला टांगलेली आहे.

कोरियन युद्धानंतर अमेरिकेचे आठवे सैन्यदल कोरियातच राहिले आणि त्याच्या तळांवरच्या क्लबांत कोरियन कलाकारांचे कार्यक्रम होऊ लागले. उपासमारीच्या त्या काळात वादकाला आणि गायिकेला पोट भरण्याची सर्वांत मोठी जागा हीच होती. तिथे जायचे तर परीक्षा द्यावी लागे, परीक्षक श्रेणी देत, श्रेणीवर बिदागी ठरे, आणि ठरावीक काळाने ती परीक्षा पुन्हा द्यावी लागे. क्लबही एकसारखे नव्हते. गोऱ्या सैनिकांच्या क्लबात कंट्री मागत, कृष्णवर्णीय सैनिकांच्या क्लबात रिदम अँड ब्लूज आणि पुढे सोल. त्यामुळे कोरियन वादकाला संध्याकाळी सातला एक आणि नऊला दुसरे, असे दोन्ही यावे लागे. आज एकाच गाण्यात तीन शैली कोंबल्याबद्दल आपण कोरियन पॉपला नावे ठेवतो किंवा त्याचे कौतुक करतो, तेव्हा ही दुहेरी नोकरी लक्षात ठेवावी.

किम सिस्टर्स हे यातले सर्वांत लखलखीत उदाहरण. संगीतकार किम हे-सोंग आणि गायिका ली नान-यंग यांच्या दोन मुली आणि एक भाची. आईने त्यांना सैनिकांपुढे उभे केले तेव्हा इंग्रजीचा गंध नव्हता, शब्द केवळ ध्वनी म्हणून पाठ केलेले. अगदी सुरुवातीला बसवलेल्या गाण्यांत ‘ओल बटरमिल्क स्काय’ होते, म्हणजे १९४६ च्या एका हॉलिवूडच्या वेस्टर्न चित्रपटातले गाणे. अर्थ न कळता तीन कोरियन मुली गुराख्याचे गाणे गात आहेत आणि समोरचे सैनिक खुशीने व्हिस्की नि चॉकलेट देत आहेत, ज्यांच्या बदल्यात बाजारात तांदूळ मिळे. १९५९ मध्ये त्या लास वेगासला गेल्या आणि एड सलिव्हनच्या दूरदर्शन कार्यक्रमात वीसहून अधिक वेळा झळकल्या.

देशी बाजारातही त्याच दशकात म्योंग गुक-ह्वान यांचे ‘ऍरिझोना काउबॉय’ लोकप्रिय झाले. युद्धात बेचिराख झालेल्या देशात, ऍरिझोना नकाशात कुठे आहे हे ठाऊक नसलेले लोक कोरियन भाषेत माळरानावर घोडा दामटवत होते. पुढे सो सू-नाम आणि हा चोंग-इल या जोडीने गिटार घेऊन विनोदी ढंगाची, कंट्रीच्या वळणाची गाणी घरोघरी नेली.

आणि आता नाचाच्या संगीताशी जोडणारा दुवा. आठव्या सैन्यदलाच्या क्लबांत ‘जॅकी’ या नावाने गिटार वाजवणारा एक पोरगा होता, शिन जुंग-ह्यन, जन्म १९३८. कोरियन रॉकचा जनक म्हणून तो पुढे ओळखला गेला. १९७५ मध्ये गांजाच्या प्रकरणात अटक झाली, गाण्यांवर बंदी आली आणि राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या मृत्यूपर्यंत ती उठली नाही. याच शिन यांनी १९८७ मध्ये किम वान-सन या कोवळ्या नर्तिका-गायिकेसाठी ‘तालातला तो नाच’ अशा अर्थाच्या शीर्षकाचे गाणे रचले. किम वान-सन १९८६ मध्ये सतरा वर्षांच्या असताना आल्या होत्या. १९९० च्या त्यांच्या पाचव्या अल्बमने दहा लाखांचा आकडा ओलांडला आणि असे करणाऱ्या त्या पहिल्या कोरियन गायिका मानल्या जातात. नाचत गाणाऱ्या एकट्या स्त्रीची जी परंपरा आज कोरियात आहे तिची सुरुवात त्यांच्यापासून धरतात. २०२३ मध्ये ली ह्योरी, ओम जंग-ह्वा, बोआ आणि ह्वासा यांच्याबरोबर गावोगाव फिरून कार्यक्रम करणारी जी दूरचित्रवाणी मालिका झाली, तिच्यात पाच पिढ्यांची म्हणावीत अशी गाणी एकमेकींनी अदलाबदल करून गायली. त्या पाचजणींत ज्येष्ठ अर्थात किम वान-सन.

पन्नाशीला टेकलेल्या गिटारवाल्याने विशीच्या आतल्या नर्तिकेला गाणे द्यावे, ही दोन पिढ्यांची पहिली मोठी भेट. शुगा आणि साय यांनी त्याच वाटेवर दिशा उलटी केली आहे, कारण इथे गाणे देणारा धाकटा आहे.

उन्हाळी_झड

तबकडी, तुमच्या प्रतिसादाला मूळ लेखात जागा द्यायला हवी होती असे वाटते आहे. किम सिस्टर्सची नावे मला ठाऊक होती, ‘ओल बटरमिल्क स्काय’ ठाऊक नव्हते. अर्थ न कळता पाठ केलेले गाणे ही गोष्ट विचित्रपणे जवळची वाटली, कारण माझी भाची आज सायच्या ओळी तशाच पाठ म्हणते, एकही शब्द न कळता आणि एकही अक्षर न चुकता.

ढोलकीवाले, तुमचा ‘कंट्री’ आणि ‘वेस्टर्न’मधला फरक मान्य. शीर्षकात त्या शब्दाला अवतरणचिन्हे लावली आहेत, तेवढ्यावर समेट व्हावा.

कडूकारलं

सगळ्यांनी फारच हळवे व्हायचे ठरवलेले दिसते. मी हिशेब मांडतो.

साय पाच वर्षांनी अल्बम घेऊन येतो आहे. आधीचा २०१७ चा. मधल्या काळात तो जुन्या कंपनीतून बाहेर पडला आहे, स्वतःची पी नेशन ही कंपनी चालवतो आहे, आणि ‘गंगनम स्टाइल’ने २१ डिसेंबर २०१२ रोजी यूट्यूबवर पहिल्यांदाच एक अब्जाचा पल्ला गाठल्यापासून प्रत्येक गाण्याची तुलना त्याच्याशीच होते आहे. दुसरीकडे बीटीएसचा चाहतावर्ग, जो सदस्याने नुसते नाव लावले तरी गाणे यादीत चढवतो. ‘दॅट दॅट’ कोरियाच्या यादीत पहिले आले आणि अमेरिकेच्या हॉट १०० या गाण्यांच्या यादीत ८० व्या क्रमांकावर. या बेरजेला ‘पिढ्यांचा संवाद’ हे नाव देणे म्हणजे हुंड्याला प्रेमपत्र म्हणण्यासारखे आहे. काउबॉयच्या वेषाचेही तसेच. त्याआधी नऊ महिने, जुलै २०२१ मध्ये, बीटीएसच्या ‘परमिशन टू डान्स’मध्ये हेच वाळवंट, याच टोप्या, याच जीन्स होत्या आणि ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते. चाललेला माल पुन्हा दुकानात मांडला, इतकेच.

ढोलकीवाला

कडूकारलं, हिशेब बरोबर आहे, पण जमाखर्चात एक रकाना राहिला.

कोरियात ज्येष्ठ-कनिष्ठ एकत्र गातात तेव्हा सहसा ज्येष्ठ मालक असतो. गायक, निर्माते आणि कंपनीचे संस्थापक पार्क जिन-यंग यांचे पाहा. ऑगस्ट २०२० मध्ये सन्मीबरोबर ‘व्हेन वी डिस्को’ केले, डिसेंबर २०२० च्या शेवटच्या दिवशी रेनबरोबर दुसरे गाणे. दोघेही त्यांच्याच कंपनीत तयार झालेले. गुरू मधे, शिष्य बाजूला, आणि शैली गुरूच्या तारुण्यातली, म्हणजे डिस्को किंवा न्यू जॅक स्विंग. शिष्याने गुरूच्या घरी जायचे. हा शिरस्ता.

‘दॅट दॅट’मध्ये निर्माता धाकटा आहे. २०२० मध्ये गायिका आययूसाठी ‘एट’ हे गाणे करताना शुगाने जे काम केले तेच इथे केले, मात्र समोर त्याच्याहून पंधरा वर्षांनी मोठा माणूस होता. सायने सांगितल्याप्रमाणे शुगा आधी नुसता निर्माता म्हणून आला, मग त्याला गायला लावले, मग नाचायला लावले. तेव्हा प्रश्न पडतो की भेटायचे कुणाच्या घरी? सायच्या घरी म्हणजे दोन हजारच्या दशकातल्या धिंगाण्यात. शुगाच्या घरी म्हणजे गंभीर, कडवट रॅपमध्ये. दोन्हीकडे एकजण पाहुणा झाला असता. वाळवंटातले लाकडी गाव कुणाच्याच मालकीचे नाही. तिथे दोघेही सारखेच परके आणि सारखेच हास्यास्पद, आणि म्हणून बरोबरीचे. उन्हाळी_झड यांच्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर हे आहे.

तिरपी_रेघ

टेक्सासमधून लिहिते आहे. इथे बावीस वर्षे झाली, त्यामुळे टोपी ही माझ्यासाठी वेष राहिलेली नाही. शेजारचे गृहस्थ ती घालून कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतात.

कंट्री कुणाचे हा वाद इथेही मिटलेला नाही, हे आधी सांगायला हवे. बँजो हे वाद्य पश्चिम आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांच्या वाद्यांतून घडले. तरी २०१९ च्या मार्चमध्ये लिल नॅस एक्स या कृष्णवर्णीय मुलाचे ‘ओल्ड टाउन रोड’ लोकप्रिय गाण्यांच्या याद्या काढणाऱ्या बिलबोर्डने कंट्रीच्या यादीतून काढून टाकले, कारण त्यात आजच्या कंट्रीचे घटक पुरेसे नाहीत असे त्यांना वाटले. मग त्याने काय केले? १९६१ मध्ये जन्मलेल्या बिली रे सायरसला सोबत घेऊन ते गाणे पुन्हा काढले. हेच ते सायरस, ज्यांच्या १९९२ च्या गाण्याने अमेरिकाभर लाइन डान्सची लाट आणली होती. म्हणजे सुवॉनकरांनी दारात उभे राहून पाहिलेल्या त्या वर्गाचा एक मूळपुरुष या गोष्टीतही सापडतो. एकोणीस आठवडे ते गाणे पहिल्या क्रमांकावर होते.

आणि इथे कोरिया येतो. त्याच वर्षी जुलैमध्ये त्या गाण्याची एक आवृत्ती बीटीएसच्या आरएमबरोबर निघाली, ‘सोल टाउन रोड’. त्यात आरएमने एका शब्दाची गंमत केली आहे. इंग्रजीत दोस्ताला ‘होमी’ म्हणतात आणि कोरियन भाषेत ‘होमी’ म्हणजे खुरपे. ते कोरियन खुरपे त्या काळात अमेरिकेत ऑनलाइन धडाक्याने खपत होते. माझ्याकडे एक आहे. पाते वाकडे, टोक निमुळते, मूठ आखूड. आपल्याकडच्या खुरप्याची सवय असलेल्या हाताला पहिले दोन दिवस ते उलटे वाटते आणि तिसऱ्या दिवशी टोमॅटोच्या वाफ्यात दुसरे काही नको होते.

ढोलकीवाल्यांचे सगळे मान्य करूनही मला वाटते की त्या ओळीत जितके कंट्री आहे तितके ‘अनफरगिव्हन’च्या आख्ख्या धुनेत नाही. कंट्री म्हणजे शेवटी अवजार, जमीन, ट्रक, दारू आणि घराकडचा रस्ता. आरएमने टोपीला हात न लावता आपल्या आजीच्या परसातले अवजार त्यात घातले. साय आणि शुगाने टोपी घातली, पण अवजार आणले नाही.

कडूकारलं

खुरप्याचा मुद्दा मान्य. आकडा मात्र मागे घेत नाही.

ढोलकीवाला

तिरपी_रेघ, तुमच्यामुळे एक गाणे पुन्हा ऐकले. २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये याच पार्क जिन-यंग यांनी क्वॉन जिन-आ हिच्याबरोबर ‘हॅपी आवर’ काढले, कोरियन शीर्षकाचा अर्थ ‘कामावरून घरी जाण्याची वाट’. ती मुलगी १९९७ मध्ये जन्मलेली, आणि २०१३-१४ च्या ज्या स्पर्धेतून ती पुढे आली त्या स्पर्धेत हे गृहस्थ परीक्षक होते. हे मात्र खरोखर कंट्री पॉप आहे. अकूस्टिक गिटार पुढे, आवाज सैल, आणि विषय दिवसभर थकून घरी निघालेल्या माणसाचा. नाचाचा बादशहा म्हणवणारा माणूस इथे नाचाचे ओझे खाली ठेवतो. टोपी असो वा नसो, तुमच्या यादीतला ‘घराकडचा रस्ता’ यात आहे, फक्त ट्रकच्या जागी सोलची भुयारी रेल्वे कल्पावी.

तेव्हा माझे पहिले वाक्य जरा दुरुस्त करतो. ‘दॅट दॅट’च्या ध्वनीत कंट्री नाही, यावर ठाम आहे. सुवॉनकर म्हणतात तसे पायांत आहे का, हे मला बसून ठरवता येणार नाही. सुवॉनकर, त्या वर्गातल्या बायका ट्रॉटवर बत्तीस मात्रा मोजतात असे तुम्ही लिहिलेत. ‘दॅट दॅट’चा मुखडा त्या बत्तीस मात्रांत बसतो का, हे कुणाला विचारता येईल काय?

सुवॉनकर

विचारले. उत्तर द्यायला दहा दिवस लागले, कारण वर्ग आठवड्यातून दोनदाच भरतो आणि मध्ये एक सुट्टी आली.

शिक्षिका सत्तरीच्या आसपासच्या आहेत. माझ्या मोडक्या कोरियनमध्ये प्रश्न मांडेपर्यंत त्यांनी माझ्याच फोनवर गाणे लावले, टेबलाच्या कडेवर दोन बोटांनी मात्रा मोजल्या आणि म्हणाल्या की बसते, पण म्हाताऱ्यांसाठी वेग जास्त आहे, अर्ध्या वेगाने पावले टाकली तर चालेल. मग त्यांनी तिथेच करून दाखवले: उजवीकडे तीन पावले आणि टाच, डावीकडे तीन पावले आणि टाच, मागे चार, पाव वळण. हात कंबरेच्या पट्ट्याशी. मागच्या रांगेतल्या एका आजींनी मात्र हात तसे ठेवले नाहीत. त्यांनी मनगटावर मनगट ठेवले आणि लगाम धरला. शिक्षिका म्हणाल्या की ते जुने गाणे, हे नव्हे. आजी म्हणाल्या की माणूस तोच आहे ना, आणि वळणावर त्यांनी दोर फिरवला.